नावाची नोंद

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म आमच्या निफाडचा, १८ जानेवारी १८४२ चा. पुढे बालपण कोल्हापुरात, शिक्षण मुंबईत, नोकरी पुणे, नाशिक, धुळे असे करत शेवटी मुंबईच्या उच्च न्यायालयात. घरे बदलत गेली, नाव मात्र तेच राहिले. वर्गात मी हे नेहमी सांगत असे. निवृत्तीनंतर संगणकाच्या नादाला लागलो तेव्हा कळले, की इंटरनेटवरही नाव वेगळे आणि घर वेगळे!

आपण फुकटात ब्लॉग सुरू करतो तेव्हा पत्त्याला ‘ब्लॉगस्पॉट’चे शेपूट लागते. पूर्वी पत्रावर ‘द्वारा श्री. अमुक’ लिहीत, तसेच हे. यजमान आहे तोवर पत्र पोचणार. ‘जिओसिटीज’वर लोकांनी अशीच हौसेने पाने उभी केली होती. याहूने ऑक्टोबर २००९ मध्ये ते दुकान बंद केले. काही स्वयंसेवकांनी जमेल तेवढे उतरवून ठेवले म्हणून थोडेफार वाचले.

यावर उपाय म्हणजे स्वतःचे डोमेन, म्हणजे स्वतःच्या नावाचा पत्ता. संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात, माणसांना नावे लागतात. एके काळी ही सगळी नावे स्टॅनफर्डच्या एका संशोधन संस्थेत एकाच यादीत ठेवलेली असत. यादी आवरेना, तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस ही व्यवस्था आखली. ही एक जगभर वाटून ठेवलेली वही आहे. अमुक नाव विचारले तर तमुक ठिकाणी पाठवा, एवढेच तिच्यात लिहिलेले असते.

डोमेन ब्लॉगला जोडायचे म्हणजे या वहीत दोन ओळी लिहायच्या. नात फोनवर सांगत होती, “आजोबा, आधी डोमेनवाल्याच्या पानावर जा, मग ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये.” पहिली सी-नेम ओळ ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ला ‘जीएचएस डॉट गूगल डॉट कॉम’कडे धाडणारी. दुसरी अगम्य अक्षरांची, नाव खरोखर माझ्याच ताब्यात आहे याचा दाखला देणारी. मग वाट पाहायची. ठिकठिकाणच्या सर्व्हरांनी जुनी नोंद काही काळ लक्षात ठेवलेली असते, म्हणून कधी काही मिनिटांत काम होते, कधी दिवस जातो. एकदा जोडणी झाली, की जुन्या पत्त्यावर आलेला वाचकही आपोआप नव्या दारात येतो. उद्या बिऱ्हाड हलवावे लागले तर लेखन उतरवून घ्यायचे, दुसरीकडे मांडायचे आणि वहीतल्या ओळी बदलायच्या. पाटी तीच.

देवनागरी नावाचा मोह मला होताच. ‘.भारत’ ही देवनागरी पाटी २०१४ पासून मिळते. पण आत यंत्रणा तिचे ‘एक्सएन’ने सुरू होणारे रोमन रूप करते आणि पत्ता नकलून दुसऱ्याला पाठवला, की पुष्कळदा तेच विचित्र रूप दिसते. म्हणून सध्या ‘.इन’वर समाधान मानले आहे.

खरी मेख आहे ती नाव कोणाच्या नावावर नोंदले आहे, यात. माझ्या माहितीतल्या एका छोट्या वाचनालयाची वेबसाइट एका होतकरू तरुणाने करून दिली. डोमेन त्याने स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घेतले. पुढे तो नोकरीसाठी परगावी गेला, पैसे भरायची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहिली आणि मुदत संपली. आम्ही विचारपूस करीपर्यंत ते नाव दुसऱ्याच कोणी घेतले होते. वाचनालयाच्या पत्रकांवर मात्र अजून तोच पत्ता छापलेला! घर बांधणाऱ्या गवंड्याच्या नावावर आपण सातबारा करतो का?

आणि सातबाऱ्याशी तुलना तरी कुठवर करायची? डोमेन वारशाने आपोआप येत नाही. ते मुदतीने घ्यायचे असते, एका वेळी फार तर १० वर्षे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने १० वर्षांचे पैसे भरावेत का, हा हिशेब मीही केला. भरले. माझ्या ब्लॉगवर थोर साहित्य नाही. कादवेचे पूर आहेत, द्राक्षबागा येण्यापूर्वीची शेती आहे, आणि काही विद्यार्थी आहेत ज्यांच्याबद्दल दुसऱ्या कोणी चार ओळीही लिहिलेल्या नाहीत. त्यांच्यासाठी तेवढी पाटी राहावी असे वाटते.

बँकेची पासबुके आणि विम्याचे कागद ठेवतो त्या फाइलमध्ये आता एक पान वाढले आहे. डोमेनचे नाव, कोणाकडून घेतले, कोणत्या ईमेलवर, मुदत कधी संपते. नातीला ते दाखवून ठेवले. तिने विचारले, “पुढे मी भरायचे का?”

म्हटले, आधी वाचून बघ. मग ठरव.