औशाचा ओटीपी, म्युनिकचा टॉवर

परदेशी निघालेला ओळखीतला प्रत्येक जण हल्ली मला एकच गोष्ट विचारतो : "तिकडं सिमचं काय करू?" मी सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि अडीच वर्षांपासून म्युनिकमध्ये राहतो, एवढ्या भांडवलावर हे सल्लागारपद माझ्याकडे आलंय. विचारणाऱ्याला कुठला पॅक स्वस्त पडेल एवढंच हवं असतं. मी मात्र उलट विचारतो, "तुझ्या नंबरला घरातल्या कुणाकुणाचं आधार जोडलंय?" समोरचा गोंधळतो. पण डेटाचा प्रश्न सोपा आहे, तो पाच मिनिटांत सुटतो. नंबरचा प्रश्न सुटत नाही. म्हणून आधी सोपं उरकून घेऊ.

आठ-दहा दिवसांसाठी जात असाल तर दोन रस्ते आहेत. आपल्याच कंपनीचा आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅक घ्या किंवा प्रवाशांसाठी मिळणारं ई-सिम घ्या. रोमिंग पॅक महाग असतो, पण नंबर तोच राहतो आणि डोक्याला ताप नसतो. ई-सिम बहुतेक वेळा स्वस्त पडतं, क्यूआर कोड स्कॅन केला की झालं. पण त्यात सहसा नुसता डेटा असतो. नंबर नसतो, म्हणजे फोन नाही, एसएमएस नाही. आपल्या फोनमध्ये ई-सिम चालतं का, हे निघण्याआधी सेटिंगमध्ये बघायचं. राहायलाच जात असाल तर तिथलं स्थानिक सिम घ्या, दुसरा विचार करू नका. जर्मनीत २०१७च्या जुलैपासून प्रीपेड सिमलाही ओळख पटवावी लागते. पासपोर्ट घेऊन दुकानात किंवा पोस्टात जायचं, काही कंपन्या व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट तिरका करून दाखवायला सांगतात. करारवालं सिम घेतलं तर तो करार बऱ्याचदा चोवीस महिन्यांचा असतो, तेव्हा सुरुवातीला प्रीपेडच बरं.

युरोपात एक सुख आहे. १५ जून २०१७पासून युरोपियन युनियनमध्ये रोमिंगचे वेगळे पैसे लागत नाहीत. म्युनिकचं सिम पॅरिसला, रोमला त्याच पॅकवर चालतं, भरमसाट वापरलं नाही म्हणजे झालं. पण स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही. झ्युरिकच्या ट्रेनमध्ये बसलात की सीमेच्या आधी आपल्या पॅकमध्ये तो देश आहे का हे बघून घ्या, नसेल तर डेटा बंद करा.

झालं. आता नंबरचं.

ही गोष्ट मी पहिल्यांदा परदेशात नाही, नांदेडमध्ये पाहिली. २०१५ ते २०१९ मी तिथं इंजिनिअरिंगला होतो, श्री गुरू गोबिंदसिंगजी कॉलेजात. दुसऱ्या वर्षाला असताना, २०१६च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि महिन्याला एक जीबी पुरवून वापरणारी आमची अख्खी होस्टेल विंग रात्रभर जागी राहायला लागली. त्या दिवसांत एका मित्राच्या काकांचं रिचार्जचं दुकान होतं, गुरुद्वाऱ्याच्या वाटेवर. संध्याकाळी आम्ही तिथं टेकायचो. हजूर साहिबला दर्शनाला इंग्लंड-कॅनडातून माणसं येतात. त्यातले म्हातारे सरदारजी दुकानात येऊन सिम मागायचे. पासपोर्ट, व्हिसा, फोटो, इथला पत्ता, ओळखीचा माणूस, अशी यादी ऐकली की बहुतेक जण नातवाच्या हॉटस्पॉटवर समाधान मानायचे. एका आजोबांनी काकांना विचारलं होतं, "मेरा कनाडावाला नंबर बंद तो नहीं होगा?" त्यांना नांदेडमध्ये इंटरनेट हवं होतंच, पण खरी काळजी मागच्या नंबरची होती. बँकेचे मेसेज त्यावर यायचे. तेव्हा आम्हाला त्याची गंमत वाटली.

सिम म्हणजे काय, हे इंजिनिअर म्हणून सांगायचं तर त्या चिपमध्ये एक ओळख क्रमांक असतो आणि त्याचे पहिले तीन आकडे देशाचे असतात. भारताचे ४०४ आणि ४०५, जर्मनीचा २६२. फोन म्युनिकच्या टॉवरला जोडला गेला की टॉवर आधी हे आकडे बघतो आणि थेट भारतातल्या कंपनीला विचारतो, हा माणूस तुमचा का? तिकडून हो आलं की सेवा सुरू. रोमिंगमध्ये डेटासुद्धा बहुतेक वेळा असाच आधी मायदेशी जातो आणि तिथून इंटरनेटवर बाहेर पडतो. म्हणजे तुम्ही बसलेले असता म्युनिकच्या खोलीत, पण वेबसाइटला वाटतं तुम्ही भारतात आहात. याचा उपयोग मला इथं आल्यावर कळला. आपली काही सरकारी संकेतस्थळं परदेशातून उघडतच नाहीत. जर्मन वायफायवर पान नुसतं फिरत राहतं, भारतीय सिमचा रोमिंग डेटा दोन मिनिटं चालू केला की उघडतं. चीनमध्ये जाणारे लोकही यामुळेच रोमिंग पसंत करतात. तिथं बंद असलेलं व्हॉट्सअ‍ॅप आपल्या सिमच्या रोमिंगवर चालतं, कारण डेटा बाहेर पडतो तो आपल्याकडून.

उलटं उदाहरण दुबईचं. आमच्या बॅचचा एक जण शारजात आहे. त्याच्याकडे डेटा भरपूर, घरी नांदेडलाही भरपूर, तरी सुरुवातीला महिनाभर आईचं तोंड दिसलं नाही. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातो, कॉल लागत नाही. तिथं परवानगी असलेलं वेगळं अ‍ॅप घ्यावं लागतं आणि तेच अ‍ॅप घरच्यांच्या फोनमध्येही टाकावं लागतं. त्याच्या धाकट्या बहिणीनं ते आईला शिकवलं. आखातात जाणाऱ्यानं जीबी मोजण्याआधी हे विचारून घ्यावं.

आता माझं. मी औसा तालुक्यातला. अकरावी-बारावी लातूरला, बाकी वर सांगितलंच. माझा भारतीय नंबर अकरावीत घेतलेला आहे. त्या काळात अण्णांकडे, म्हणजे वडिलांकडे, धड एक नंबर टिकायचा नाही. ज्या कंपनीची स्कीम स्वस्त तिचं सिम. म्हणून आधारच्या कागदावर मोबाइलच्या रकान्यात त्यांनी माझा नंबर लिहायला लावला. "पोराचा नंबर कायम राहतंय," असं त्यांचं म्हणणं. गावात हे घरोघरी आहे. बापाचं आधार, आईचं बँक पासबुक, आजीचा निराधारचा पगार, सगळं शिकलेल्या पोराच्या नंबरला बांधलेलं. पोरगं पुण्यात असतं तोवर कुणाला काही वाटत नाही.

पोरगं म्युनिकला गेलं की काय होतं ते सांगतो. २०२५ मध्ये शेतकरी ओळखपत्राची मोहीम चालू होती. सातबारा आधारशी जोडायचा, नाहीतर पुढं योजनांचा लाभ मिळायला अडचण. अण्णा सकाळी साडेदहाला औशाच्या सेवा केंद्रावर रांगेत. अंगठा लावून पाहिला, उठला नाही. तीस-चाळीस वर्षं माती आणि खुरपं धरलेल्या बोटांवर रेषा राहत नाहीत, मशीनला त्या दिसत नाहीत. मग उरला ओटीपी. साडेदहा म्हणजे हिवाळ्यात माझ्याकडे सकाळचे सहा. फोन वाजला. केंद्रावरचा पोरगा, "दादा, अण्णांचा ओटीपी आला का बघा तुमच्याकडं, लवकर सांगा, माघं रांग हाय." मी अंधारात मेसेज उघडला, तो कशासाठी आहे ते नीट वाचलं आणि सहा आकडे सांगितले. मग फोन अण्णांकडे. "झोपला होतास का रे? इथं उन्हं वर आलीत." बस, तेवढंच. दहा मिनिटांत वापरला नाही तर तो ओटीपी गेला, पुन्हा रांग. अण्णांची एक सकाळ म्हणजे औशाला यायचं-जायचं भाडं आणि शेतातलं एक काम बुडालेलं.

तो मेसेज माझ्यापर्यंत आला, कारण निघण्याआधी मी तीन गोष्टी केल्या होत्या. भारतीय सिम फोनमध्येच ठेवलं आणि जर्मन नंबर ई-सिमवर घेतला. भारतात असतानाच आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घेतलं. आणि त्या सिमचा डेटा पक्का बंद ठेवला, कारण पॅक नसताना रोमिंगवर डेटा चालू राहिला तर एमबीच्या हिशेबानं पैसे जातात. रोमिंग चालू असेल तर येणाऱ्या एसएमएसला बहुतेक कंपन्या पैसे लावत नाहीत. कॉल उचलला तर लागतात. म्हणून केंद्रावरच्या पोराला मी व्हॉट्सअ‍ॅपवरच कॉल करायला सांगून ठेवलंय. व्हॉट्सअ‍ॅप जुन्याच नंबरावर, डेटा जर्मन सिमचा. हे चालतं.

नंबर जिवंत ठेवणं मात्र आपोआप होत नाही. नव्वद दिवस काहीच वापर नसेल तर कंपनी प्रीपेड नंबर बंद करू शकते. प्रीपेडला वीस रुपये शिल्लक असेल तर ती कापून मुदत वाढवायची, असा ट्रायचा २०१३चा नियम आहे, पण २०१८च्या अखेरीपासून कंपन्यांनी किमान रिचार्जची अट आणली आणि नुसती शिल्लक ठेवून भागेनासं झालं. नंबर बंद झाल्यावर आणखी नव्वद दिवस तो कुणाला देत नाहीत. त्यानंतर तो कुणालाही मिळू शकतो. म्हणजे माझ्या अण्णांच्या आधारचा ओटीपी, समजा, भुसावळच्या एखाद्या अनोळखी माणसाच्या खिशात वाजेल. त्याची काही चूक नसेल. त्यानं फक्त नवं सिम घेतलेलं असेल.

जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर बऱ्याच जणांनी भारतातले नंबर सोडून द्यायचं ठरवलं. वापरतच नाही तर पैसे कशाला? हिशेब बरोबर होता. पुढं डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं कंपन्यांना नुसत्या कॉल आणि एसएमएसचे वेगळे पॅक द्यायला सांगितलं, मुदत ३६५ दिवसांपर्यंत. परदेशात राहणाऱ्याला हवं ते हेच. तिकडचा डेटा आपल्याला लागतच नाही. मी आता वर्षाचा पॅक टाकतो, सोयाबीन काढणीच्या सुमारास, म्हणजे तारीख लक्षात राहते.

अण्णांना मी एकदा म्हटलं होतं की हा नंबर काढून टाकतो, तुमचं आधार तुमच्या नंबरला जोडू. ते म्हणाले, "जोडू की. पण तुझा नंबर बंद पडू द्यायचा नाही." त्याला जुनं कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा अण्णा पुण्यात एका कारखान्यात होते. किल्लारी आमच्याच तालुक्यातली. सकाळी रेडिओवर बातमी ऐकली. एसटीडी बूथवर रांग लावली, लाइन लागेना. गावात पोस्टातला एकच फोन. दीड दिवस ते बूथ आणि स्टँड यांच्यामध्ये फिरत राहिले, मग ट्रक धरून निघाले आणि घरी पोचल्यावरच कळलं की आजी-आजोबा वाचलेत. त्यानंतर ते पुण्याला परत गेले नाहीत. डेटा, जीबी, स्पीड हे त्यांच्या दृष्टीनं सिनेमा बघायचं सामान आहे. गावातून कुणीही, इंटरनेट नसताना, साध्या फोनवरून दहा आकडे दाबले आणि पोरगं उचललं, याला ते फोन म्हणतात. तो कॉल मिनिटाला कितीही महाग पडो.

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा अण्णांना घेऊन लातूरच्या आधार केंद्रावर गेलो. बोटं उठली नाहीतच, डोळ्यांवर काम झालं. आता त्यांचे ओटीपी त्यांच्याच फोनवर येतात. ते चष्मा लावून एकेक आकडा मोठ्यानं वाचतात. आधी पूर्ण मेसेज वाचायचा, आकडे शेवटी, एवढं मी त्यांच्याकडून घोटून घेतलंय. सकाळी सहाचे फोन थांबले. माझा नंबर चालू आहे. त्यावर आता माझ्या बँकेचे मेसेज येतात, जाहिराती येतात आणि क्वचित नेटवर्क गेलेलं असेल तेव्हा अण्णांचा साधा कॉल. तो मी कापत नाही, उचलतो. "काही नाही, लागतोय का बघितलं," असं म्हणून ते ठेवून देतात.

तेव्हा तुम्ही निघायच्या तयारीत असाल तर डेटाचं बघालच, ते विमानतळावरसुद्धा मिळतं. त्याआधी एक संध्याकाळ घरच्यांसोबत बसा आणि कागदावर लिहून काढा : आपल्या नंबरला कुणाचं आधार, कुणाचं पासबुक, कुणाचा गॅस, कुणाचा पीकविमा जोडलाय. ज्यांचं त्यांच्या नंबरला हलवता येईल ते हलवा. उरेल त्यासाठी सिमचा रिचार्ज किती तारखेला संपतो ते लिहा. तो कागद घरी ठेवा आणि त्याचा फोटो स्वतःजवळ.