सॉलिसिटरांच्या पत्राचे उत्तर

इंग्लंडमधील पगारदार कुटुंबाचा बहुतेक सारा व्यवहार एकाच चालू खात्यातून होतो. घराचा हप्ता, वीज, गॅस, पाणी, कौन्सिलची घरपट्टी ही सर्व देणी डायरेक्ट डेबिटने ठरल्या तारखेस आपोआप वळती होतात. आणि ज्या दिवशी खात्यात पुरेशी शिल्लक नसेल त्या दिवशी ते देणे न भरताच परत जाते व परत पाठविण्याच्या श्रमांबद्दल म्हणून बँक खातेदाराकडून आकार वसूल करीत असे. 2006 साली हा आकार निरनिराळ्या बँकांत 25 पासून 39 पौंडांपर्यंत होता. बारा-पंधरा पौंडांचे विजेचे देणे परत गेले म्हणून त्याच्या दुपटी-तिपटीने रक्कम कापून घ्यावी, त्या कपातीनेच खाते आणखी उणे व्हावे, आणि उणे झालेल्या खात्याबद्दल पुढल्या महिन्यात पुन्हा निराळा आकार लागावा, असे हे दुष्टचक्र होते. ज्यांच्या गाठीशी पैसा असे त्यांना त्याचे अस्तित्वही ठाऊक नसे. ज्यांची महिनाअखेर ओढाताणीची असे त्यांच्याच माथी ते नेमाने बसे.

लेस्टर शहरातील ज्या गोदामात मी हिशेबनीस होतो, तेथे पगार चेकने मिळत असे. चेक वटण्यास काही दिवस लागत, आणि मध्ये बँक हॉलिडे आला की तेवढ्या अवधीत दोन-तीन देणी परत जात. मुलीच्या शिक्षणाच्या त्या वर्षांत माझ्या खात्याचे उतारे पाहिले, तर एकाच आठवड्यात तीन-तीन आकार एकाखाली एक नोंदलेले दिसत. जन्मभर दुसऱ्यांची खतावणी लिहिणाऱ्या माणसाला प्रत्येक नोंदीमागे काहीतरी आधार हवा असे वाटते. या नोंदींमागे कसला आधार होता? संगणकाने आपोआप छापलेले एक पत्र आणि टपालाचे एक तिकीट, याखेरीज बँकेचा काय खर्च झाला असावा, हे मला कळेना. आणि शाखेत विचारता कोणी सांगेना.

2006 च्या एप्रिलमध्ये ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग या सरकारी खात्याने क्रेडिट कार्डांवरील चुकवणुकीच्या आकारांविषयी आपले मत जाहीर केले, की 12 पौंडांहून अधिक आकार सामान्यतः अन्याय्य समजला जाईल. ते मत कार्डांपुरते होते. पण चालू खात्यांनाही तोच न्याय का लागू नये, असा प्रश्न हजारो खातेदार विचारू लागले, आणि त्यांच्या हाताशी दोन आधार होते. एक म्हणजे 1999 ची ग्राहक-करारांतील अन्याय्य अटींविषयीची नियमावली. दुसरा त्याहून पुष्कळ जुना: 1914 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने डनलॉप कंपनीच्या खटल्यात घालून दिलेला दंडक, की करारभंगाबद्दल ठरविलेली रक्कम ही संभाव्य नुकसानीचा प्रामाणिक अंदाज असली पाहिजे, समोरच्यास धाक घालण्यासाठी ठरविलेली रक्कम हा दंड होय, आणि असा दंड न्यायालय वसूल करू देणार नाही. माझे वडील साताऱ्यास एका वकिलांचे कारकून होते, आणि 1872 च्या आपल्या करार कायद्यातील 74 वे कलम, ज्यात ठरविलेली रक्कम कितीही मोठी असली तरी वाजवी भरपाईपलीकडे काही मिळत नाही, ते कलम त्यांच्या तोंडून मी लहानपणीच ऐकले होते. त्यामुळे हे तत्त्व वाचताना परक्या देशाचा कायदा वाचतो आहे असे मला वाटले नाही.

बँकेकडून हे आकार परत मागण्याची पूर्वतयारी मी थोडक्यातच सांगतो. 1998 च्या डेटा प्रोटेक्शन कायद्यान्वये 10 पौंड शुल्क भरून माहिती मागितली की 40 दिवसांच्या आत ती द्यावी लागे. त्याप्रमाणे जुने उतारे मागविले. मुदतीचा कायदा सहा वर्षांचा, म्हणून तेवढ्याच काळातील प्रत्येक आकाराची तारीख, बँकेने दिलेले त्याचे नाव आणि रक्कम अशी यादी केली, आणि त्यावर 1984 च्या काउंटी कोर्ट कायद्याच्या 69 व्या कलमान्वये मागता येणारे शेकडा 8 दराचे व्याज मांडले. बँकेने दोन पत्रांत नकार दिला. मग दाव्यापूर्वीची नोटीस, आणि तिची मुदत संपताच दावा.

यानंतर जे पत्र आले ते बँकेचे नव्हते, तिच्या सॉलिसिटरांचे होते. जाड, किंचित पिवळसर कागद, माथ्यावर भागीदारांच्या नावांची लांबलचक रांग, आणि खाली कोणाही एका माणसाची सही नसून पेढीच्याच नावाची सही. मजकूर असा, की वादीने आपला दावा पुरेशा तपशिलाने मांडलेला नाही. कोणता आकार कोणत्या अटीखाली लागला आणि ती अट कोणत्या कारणाने अवैध आहे, हे प्रत्येक आकारापुरते स्वतंत्रपणे सांगावे. तसे न केल्यास दावा काढून टाकण्याची विनंती न्यायालयास करण्यात येईल. आणि त्या अर्जाचा खर्च वादीवर बसेल. पत्नीने ते पत्र वाचून टेबलावर उपडे ठेवले आणि म्हणाली, "अहो, हे आपल्याला झेपेल का?" तिच्या भीतीत मूर्खपणाचा लवलेशही नव्हता. अशी पत्रे त्या भीतीच्या भरवशावरच धाडली जातात, आणि किती कुटुंबांनी ती वाचून दावे मागे घेतले असतील या विचाराने मला आजही संताप येतो.

उत्तर लिहिण्यापूर्वी मी ते पत्र वाक्यावाक्याने सोडवून पाहिले. प्रत्येक वाक्यापुढे समासात पेन्सिलीने लिहिले, की ही मागणी आहे, हे विधान आहे, की ही धमकी आहे. मागणी एकच निघाली, तपशिलाची. आणि तो तपशील यादीच्या रूपाने दाव्यासोबत आधीच जोडलेला होता. खर्चाच्या धमकीचे म्हणावे, तर 5,000 पौंडांपर्यंतचे दावे तेव्हा लघुदाव्यांच्या सदरात चालत, आणि त्या सदरात वर्तन गैरवाजवी असल्याखेरीज हरणाऱ्यावर दुसऱ्या पक्षाच्या वकिलांचा खर्च सहसा बसत नाही. हे सॉलिसिटरांना माझ्याहून चांगले ठाऊक असणार. पण पत्रात त्याचा उल्लेख नव्हता.

माझे उत्तर एका पानाचे होते. यादीची प्रत पुन्हा जोडली. सर्व आकार एकाच प्रकारचे आहेत, त्यामुळे सर्वांविरुद्ध आक्षेपही एकच आहे, असे लिहून तो आक्षेप दोन वाक्यांत मांडला: हे आकार करारभंगाबद्दलचे असतील, तर ते प्रत्यक्ष नुकसानीच्या प्रमाणात नाहीत, आणि ते सेवेचा मोबदला म्हणून लावले असतील, तर कोणती सेवा दिली आणि तिला काय खर्च आला ते बँकेने सांगावे. धमकीबद्दल एक अक्षर लिहिले नाही, रागाचा एक शब्द वापरला नाही, बँकेवर आरोप केला नाही. शेवटी एवढेच विचारले, की एक देणे परत पाठविण्यास आपल्या अशिलांना किती पेन्स खर्च येतो, हे चौदा दिवसांत कळवावे. त्या पत्राची एक प्रत न्यायालयाकडे रवाना केली. जातीने दावा चालविणाऱ्या माणसाजवळ विद्वत्ता नसेल. पण त्याचा कागद स्वच्छ असेल आणि प्रश्न न्यायाधीशांना पहिल्या वाचनात समजेल, तर त्याची बाजू लंगडी राहत नाही, असा माझा अनुभव आहे.

त्या प्रश्नाचे उत्तर मला कधीच मिळाले नाही. बँकेची कैफियत आली, तीत सर्व काही नाकारले होते. पाठोपाठ एक निराळेच पत्र आले, त्यावर हक्कास बाध न येता असा शिरोलेख होता, आणि आत निम्मी रक्कम देऊ केली होती: हा केवळ सद्भावनेचा भाग असून यात कोणतीही जबाबदारी कबूल केलेली नाही, दावा पूर्णपणे मिटल्याचे वादीने लिहून द्यावे, आणि या तडजोडीची वाच्यता कोठेही करू नये. पैशाची निकड असलेल्या घरात निम्मी रक्कमही थोडी नसते. तरीही मी कळविले, की देऊ केलेली रक्कम अंशतः फेड म्हणून स्वीकारण्यास माझी हरकत नाही, बाकीसाठी दावा चालू राहील, आणि गुप्ततेची अट मला मान्य नाही. जे आकार उघडपणे वसूल झाले ते परत करताना लपवाछपवीचे कारण दिसत नाही.

2007 च्या वसंतात सुनावणीची तारीख लागली. ती जवळ येऊ लागली तशी मी कागदांची चळत तयार केली, पाने क्रमांकित केली, यादीच्या प्रत्येक ओळीपुढे उताऱ्याचे पान लिहिले. सुनावणीच्या आधीच्या आठवड्यात व्याज आणि न्यायालयाचे शुल्क यांसह पूर्ण रक्कम खात्यात जमा झाली. सोबतच्या पत्रात जबाबदारीची कबुली नव्हती, पण गुप्ततेची अटही उरली नव्हती. दावा मिटल्याचे मी न्यायालयास कळविले. त्या काळात असंख्य दावे असेच दारापर्यंत येऊन मिटत होते. न्यायाधीशांसमोर खर्चाचा आकडा मांडण्यापेक्षा पैसे परत करणे बँकांना परवडत होते, असाच याचा अर्थ मी घेतो.

आमच्या शेजारच्या गुजराती बाई, ज्या मला भाई म्हणत आणि दोन मुलांना एकट्याने वाढवीत, त्यांनी माझेच कागद पाहून उन्हाळ्यात आपला दावा लावला. परंतु जुलै 2007 मध्ये ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग आणि आठ वित्तसंस्था यांच्यात नमुना खटला उभा राहिला, आणि देशभरच्या काउंटी कोर्टांतील अशा दाव्यांप्रमाणे त्यांचाही दावा तहकूब झाला. एप्रिल 2008 मध्ये हायकोर्टाने सांगितले, की या आकारांचा न्याय्यपणा नियमावलीखाली तपासता येईल. मात्र चालू अटींतील आकार जुन्या कायद्याच्या अर्थाने दंड ठरत नाहीत. फेब्रुवारी 2009 मध्ये अपील न्यायालयाने तपासणीचा अधिकार कायम केला. आणि 25 नोव्हेंबर 2009 रोजी, स्थापन होऊन दोन महिनेही न झालेल्या सुप्रीम कोर्टाने तो निर्णय फिरविला: हे आकार बँकेच्या एकूण सेवेच्या किमतीचाच भाग आहेत, आणि किंमत सेवेच्या मानाने वाजवी आहे काय हे या नियमावलीखाली तपासता येत नाही.

त्या निकालाचा मी आदर करतो, परंतु त्याने काय ठरविले आणि काय ठरविले नाही, हे स्पष्ट सांगणे मला अगत्याचे वाटते. आकार न्याय्य आहेत असे सुप्रीम कोर्टाने म्हटले नाही. त्या कसोटीवर तो प्रश्न विचारता येणार नाही, एवढेच म्हटले. ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंगच्याच 2008 च्या पाहणीनुसार 2006 साली अशा आकारांतून बँकांना अडीच अब्ज पौंडांहून अधिक, म्हणजे चालू खात्यांच्या एकूण उत्पन्नाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा मिळाला होता. जे पुरेशी शिल्लक राखू शकत नव्हते, ते इतरांच्या फुकट खात्यांचा खर्च सोसत होते, आणि ही व्यवस्था किंमत या नावाखाली कायद्याने सुरक्षित ठरली. यात माझ्या दृष्टीने अन्याय आहे, आणि माझे स्वतःचे पैसे परत मिळाले म्हणून तो कमी होत नाही.

बाईंना मी म्हटले, की आता कायद्याचा मुद्दा सोडू आणि आपली परिस्थिती लिहू. एका रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही महिन्याची प्राप्ती, भाडे, मुलांचा खर्च आणि त्या महिन्यात कापलेले आकार असा ताळेबंद मांडला आणि आर्थिक अडचणीच्या आधारावर बँकेकडे अर्ज केला. काही आठवड्यांनी त्यांच्या आकारांपैकी थोडी रक्कम परत आली. ती पुरेशी नव्हती. बाईंनी ते खाते बंद केले आणि पुढच्या महिन्यापासून पगार दुसऱ्या बँकेत वळता करून घेतला.