'अहो मॅडम' ते 'अगं ताई'... व्हाया फोर्ट

फोर्ट म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? सकाळची धावपळ, शेअर टॅक्सीची रांग आणि लंच टाइममध्ये उरकलेली फॅशन स्ट्रीटची चक्कर! पण हाच फोर्ट रात्री अकरानंतर बघा. रस्ते रिकामे, फुटपाथ मोकळे आणि जुन्या दगडी इमारती एकदम निवांत. मला हा फोर्ट दाखवला तो ताईने.

ताई म्हणजे माझी सख्खी बहीण नव्हे. २०१९ साली मास कॉमची डिग्री घेऊन मी एका पेपरच्या डेस्कवर रुजू झाले, तेव्हा ती तिथे चीफ सब होती. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी, डोंबिवलीची, डब्यात कायम एक पोळी जास्तीची. सुरुवातीला 'अहो मॅडम' चाललं. मग नाइट शिफ्ट लागली. पान सोडलं की आम्ही हुतात्मा चौकातून सीएसएमटीला चालत निघायचो. गाडी एकच, शेवटची कर्जत. मी ठाण्याला उतरायचे, ती पुढे जायची. त्या चालण्यातच कधीतरी 'अहो मॅडम'चं 'अगं ताई' झालं.

खरं तर डी. एन. रोडने सरळ स्टेशन गाठता येतं. पण ताईला वळसा हवा असायचा. "तुझ्या मास कॉमच्या नोट्समध्ये हे नसणार," म्हणायची. सुरुवात १८६४च्या फ्लोरा फाउंटनपासून. २१ नोव्हेंबर १९५५ला संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला, तो इथेच. तिथून वीर नरिमन रोडने हॉर्निमन सर्कल. बेंजामिन हॉर्निमन हा 'बॉम्बे क्रॉनिकल'चा इंग्रज संपादक. सरकारवर सडकून टीका केली म्हणून त्याच्याच सरकारने १९१९मध्ये त्याला हद्दपार केलं. बाजूलाच 'मुंबई समाचार'ची लाल इमारत. १८२२ साली सुरू झालेला हा गुजराती पेपर आजही निघतो. आणि समोर १८३३चा टाऊन हॉल, म्हणजे आपली एशियाटिक. तिच्या पायऱ्यांवर बसून सायकलवाल्याचा कटिंग प्यायचा, हा नियमच! बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढला ६ जानेवारी १८३२ला, ह्याच शहरात. "तेव्हा तेही जेमतेम विशीतले होते," ताई माझ्याकडे रोखून बघत म्हणायची. मग जीपीओवरून धावतपळत गाडी.

कोविडनंतर डेस्क आक्रसलं. मी फ्रीलान्स झाले, तिने स्वेच्छानिवृत्ती घेतली. पण माझा लेख छापून आला की सकाळी आठला फोन ठरलेला. "दुसरा पॅरा काढ, काही बिघडत नाही."

२०२४च्या पावसाळ्यात ताई गेली. जुन्या ग्रुपवर मेसेज आला, 'दुःखद निधन'. डेस्कवर असताना ती त्यातला 'दुःखद' हमखास उडवायची. "सुखद निधन कधी असतं का गं?" तो शब्द मी कितीतरी वेळ बघत बसले.

ऑफिसातल्या माणसाचं सुतक नसतं. दहावा-बारावा घरच्यांचा. आमच्यातल्या एकाने नव्या ऑफिसात रजा मागितली, तर फॉर्मवर 'नातं' असा कॉलम. काय लिहिणार? एक्स-कलीग? त्याने 'बहीण' लिहिलं आणि रजा घेतली. मला रजा मागायला ऑफिसच नव्हतं. मी फोर्टला गेले आणि तो सगळा वळसा एकटीने चालले. हॉर्निमन सर्कलला थांबले. हा माणूस मुंबईत कुणाचा काका नव्हता की मामा. तरी शहराने त्याचं नाव इतकी वर्षं जपलंय. म्हणजे नात्याचा कॉलम रिकामा ठेवूनही माणूस आठवता येतो तर!

तुम्हीही जाऊन या. अंतर जेमतेम दोन किलोमीटर. रात्र नको असेल तर रविवारची सकाळ बेस्ट. २०२५पासून हुतात्मा चौकाला भुयारी मेट्रोही येते. ताईने ती पाहिली नाही, पण पाहिली असती तरी चालतच गेली असती.

आणि एकटे जाऊ नका. ऑफिसात कुणी तुमचं काम लाल पेनाने रंगवून परत देत असेल ना, त्यांनाच विचारा, "येता का?" कटिंग तुमच्याकडून.