पोच

दिवाळीच्या शुभेच्छांची मेल सगळ्या नातेवाइकांना एकदम धाडली आणि मिनिटभरात त्यातली एक परत आली. मामाचा पत्ता. कोड ५५०, असं कुणी इथे नाही. मामा गेला त्याला बरेच दिवस झाले, पण यादीतून त्याचं नाव काढायला कुणाचाच हात धजला नव्हता. ते यंत्रानं केलं, तेही इंग्रजीत.

आठवले ते मात्र बाबा. सांगलीतलं सायबर कॅफे, ह्यूस्टनच्या ताईला पहिली मेल. बाबा मागे उभे राहून ‘अनेक उत्तम आशीर्वाद’पासून सांगत होते, मी रोमन लिपीत बडवत होतो. मेल गेली. बाबा जागचे हलेनात. “पोच कुठाय?” रजिस्टर पत्रांच्या पोचपावत्या तारेला टोचून ठेवणारा माणूस.

“काका, गेलं की,” कॅफेवाला म्हणाला.

“गेलेलं बघितलं. पोचलं का?”

पोच असते, हे मला फार नंतर कळलं. फक्त ती आपल्यासाठी नसते. आपला सर्व्हर पत्त्यातल्या ‘ॲट’पुढचं नाव वाचून पलीकडचा सर्व्हर शोधतो, मजकूर सोपवतो. तो ‘२५०’ म्हणतो: मिळालं, आता जबाबदारी माझी. तिकडे कुणी दारच उघडलं नाही, तर आपला चार-पाच दिवस खेटे घालतो. आपल्याशी बोलतो तो बहुधा हात हलवत परत आल्यावरच.

१९७१ साली अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये रे टॉमलिन्सननं आर्पानेटवरून पहिली मेल पाठवली, तेव्हा दोन्ही यंत्रं एकाच खोलीत होती. पाठवणारा तोच, घेणाराही तोच. मजकूर काय होता, हे पुढे त्यालाही आठवेना. अशा माणसाला पोचेचं काय सुचणार!

मला मात्र हे बिनपोचेचं बरं वाटतं. व्हॉट्सॲपच्या निळ्या खुणांपायी आमच्या घरात अबोले झालेत. “वाचलंस ना? मग?” मामाला असं कधी पकडता आलं नाही. तो आठवड्यानं उत्तर द्यायचा, निवांत, आंब्याच्या भावासकट. नवी मेल कशी लिहायची ते त्यानं शिकूनच घेतलं नाही. एका जुन्या मेललाच उत्तर देत राहिला. त्यामुळे गुडघ्याचं ऑपरेशन, बांधावरचं भांडण, आजीचं दुखणं, सगळं ‘बारशाचं आमंत्रण’ या विषयाखाली. पुढे आम्हा भावंडांनाही तीच सवय लागली. ज्याचं बारसं होतं त्याचं आता लग्न ठरतंय, आणि कार्यालयाच्या भाड्याची घासाघीस त्याच मथळ्याखाली जोरात चालू आहे.