पावसाळी बूट

पाऊस आणि माणूस यांच्या जुन्या झटापटीत माणसाने आजवर काळजी वाहिली ती मुख्यतः आपल्या डोक्याची. इरले, घोंगडीची खोळ, छत्री, रेनकोट ही सारी आयुधे वरून येणाऱ्या पाण्यासाठी आहेत. पाय मात्र त्याने दैवाच्या हवाली करून टाकले. चालणाऱ्याला हे परवडते. तो डबके पाहून वळसा घालतो, वेळ पडल्यास वहाणा हातात घेतो, घरी पोहोचल्यावर पायांवर तांब्याभर पाणी ओततो आणि मोकळा होतो. मोटारसायकलवाल्याचे भाग्य एवढे थोर नाही. त्याचा पाऊस वरून पडतो तितकाच खालूनही उडतो. पुढचे चाक रस्त्यावरचे पाणी उचलते आणि नेमके त्याच्या चवड्यांवर फेकते. सरळ पडणाऱ्या सरीला जो बूट दाद देत नाही, तोच या माऱ्यापुढे पाच मिनिटांत शरण जातो.

बीड जिल्ह्यात राहून पावसाळी बुटांची चिंता करणे हे अनेकांना हास्यास्पद वाटते. माझे नवे बूट पाहून आमच्या प्राध्यापकांच्या खोलीत पहिला प्रश्न आला तो असा : "काय सर, कोकणात बदली झाली की काय?" प्रश्नात तथ्य नव्हते असे नाही. सह्याद्री ओलांडून येईतो ढगांची झोळी बरीच रिकामी झालेली असते, आणि बालाघाटच्या या पठारावर वर्षाकाठी सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस झाला की आम्ही समाधानी होतो. परंतु जिथे पाऊस थोडा, तिथेच तो बेभरवशाचा. कोकणातला माणूस जूनपासून जामानिमा करूनच घराबाहेर पडतो. आमच्याकडे जुलै कोरडा जातो, ऑगस्ट आभाळाकडे पाहण्यात जातो, आणि सप्टेंबरात एखाद्या दुपारी, सकाळी लख्ख ऊन असताना निघालेल्या माणसाला तो भर रस्त्यात गाठतो.

शिवाय आमची काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच लोण्यासारखी होते. केजहून धारूरला जाऊन पुढे घाट उतरून तेलगावकडे निघावे, तर शेतातून डांबरी रस्त्यावर आलेल्या ट्रॅक्टरांनी जागोजाग या लोण्याचे थर दिलेले असतात. अशा ठिकाणी गाडी थांबवावी लागली म्हणजे कळते, की दुचाकीला उभे राहण्यासाठी तिसरे चाक लागते, आणि ते चाक म्हणजे आपला पाय. चालू गाडीवर तर डाव्या चवड्याने गियर बदलायचा आणि उजव्याने मागचा ब्रेक दाबायचा. भिजून बधिर झालेल्या पायाला आपण ब्रेक किती दाबला हे उमगत नाही. म्हणून बूट हा मी वेषभूषेचा भाग मानीत नाही. तो यंत्राचा भाग मानतो.

निवडीच्या वेळी पहिला विचार मनात येतो तो गमबुटांचा. त्यांचे कुळ मोठे आहे. ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या नावाने ओळखले जाणारे मूळचे बूट कातड्याचे होते. चार्ल्स गुडइयरने रबर पक्के करण्याच्या कृतीचे पेटंट 1844 साली घेतले आणि 1853 मध्ये हायरम हचिन्सनने फ्रान्समध्ये रबरी बुटांचा कारखाना काढला, तेव्हा चिखलात राबणाऱ्या शेतकऱ्याचे पाय प्रथमच कोरडे राहू लागले. शेतात पाणी देताना गमबुटासारखा सोबती नाही. गाडीवर मात्र तो आंधळा ठरतो. ढिल्या रबरातून गियरचा खटका कळत नाही, पडझडीत घोट्याला आधार मिळत नाही, आणि वरून पाणी शिरले तर ते बादलीत साठावे तसे आत साठते.

दुसरे टोक म्हणजे आधुनिक पडद्याचे बूट. अमेरिकेत बॉब गोर यांनी 1969 साली टेफ्लॉनचा एक प्रकार झटक्यात ताणून पाहिला आणि त्यातून अतिसूक्ष्म छिद्रांचा पातळ पडदा हाती आला. ही छिद्रे एवढी लहान, की पाण्याचा थेंब त्यांतून आत येऊ शकत नाही. पण घामाची वाफ बाहेर जाऊ शकते. युक्ती अलौकिक खरी. परंतु हवाच दमट असली म्हणजे वाफेला बाहेर पडण्याची घाई राहत नाही, आणि किंमत ऐकून घाम मात्र अधिकच सुटतो.

मी मधला मार्ग पत्करला : घोट्याच्या वर चार बोटे येणारे जाड कातड्याचे बूट. खरेदीला संध्याकाळी गेलो, कारण दिवसभरात पाय किंचित फुगतो. आणि लोकरी मोजे घालूनच माप दिले, कारण लोकर भिजली तरी ऊब सोडीत नाही. बुटाची जीभ दोन्ही कडांना वरपर्यंत शिवलेली आहे ना, हे पाहिले. सुटी जीभ म्हणजे पाण्याला उघडे ठेवलेले दार. तळाच्या खाचा फार खोल घेतल्या नाहीत. दुकानदार खोल खाचांची स्तुती करीत होता; पण आमची माती त्या खाचांत बसली की तळ पाटीसारखा गुळगुळीत होतो, हे शहरातल्या दुकानदाराला कुठून ठाऊक असणार? गाडीवर बसण्यापूर्वी काडीने तळ खरवडायचा आणि नाड्यांची टोके आत खोचायची, ही माझी संध्या आहे. लोंबती नाडी गियरच्या दांडीत अडकली, तर ऐन वेळी पाय जमिनीवर येत नाही.

पुढचे शिक्षण झाले ते बसस्थानकाबाहेर बसणाऱ्या एका वृद्ध चर्मकारापाशी. बूट हातात घेऊन त्याने कातडे पाहिलेच नाही. शिवणीवरून अंगठा फिरवला.

"सर, पाणी कातड्यातनं येत नाही लवकर. सुईनं जिथं भोक पाडलंय, तिथनं येतं."

"मग उपाय काय, काका?"

"मेण भरा. पण उन्हात तापवून भरा. थंड कातडं काही पीत नाही."

त्याने दोन वाक्यांत सांगितलेले शास्त्र मी पुढे पडताळून पाहिले. कातडे म्हणजे तंतूंचे घट्ट जाळे. त्यातल्या फटींतून आणि शिवणीच्या दोऱ्यावरून पाणी वातीवर तेल चढावे तसे आत चढते. या वाटा तेला-मेणाने आधीच व्यापल्या, की पाण्याला जागा उरत नाही. मी मधमाशांचे मेण एक भाग आणि एरंडेल दोन भाग घेतो. मेण सुमारे त्रेसष्ट अंशांना वितळते. म्हणून ते उघड्या जाळावर न ठेवता गरम पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून वितळवतो. बूट पुसून, वाळवून घटकाभर उन्हात ठेवायचे आणि कोमट लेप बोटाने चोळायचा. शिवणींना दोनदा, आणि जिथे कातडे तळाला मिळते त्या सांध्याला तीनदा. रात्रभर मुरू द्यायचे आणि सकाळी फडक्याने पुसायचे. मग बुटावर पाणी शिंपडावे. अळवावरच्या पाण्यासारखे ते मोती होऊन घरंगळले, की काम साधले. शंका असल्यास आत वर्तमानपत्राचा बोळा घालून घमेल्यातल्या चार बोटे पाण्यात बूट अर्धा तास उभा करावा. कागद कुठे ओला झाला ते पाहिले, की चोरवाट सापडते.

एवढे करूनही बूट भिजले, तर चुलीशी नेऊ नयेत. जाळाजवळ कातडे आकसते आणि तडकते. कागदाचे बोळे भरावेत, ते ओले झाले की बदलावेत आणि सावलीत वाऱ्यावर ठेवावेत.

आणि सर्वांत सोपी गोष्ट सर्वांत शेवटी. रेनकोटची विजार बुटाच्या आत नव्हे, बाहेर असावी. विजार आत खोचली, की अंगावरचे सारे पाणी पन्हळीतून उतरावे तसे बुटात उतरते आणि मेण, एरंडेल, शिवण, सारे ज्ञान व्यर्थ जाते.

कोरड्या पायांचा एक धोकाही आहे : ते माणसाला अवाजवी धीट करतात. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात नद्या पात्राबाहेर आल्या, तेव्हा फरशी पुलांवरचे गढूळ पाणी आपण सर्वांनी पाहिले. त्या पाण्याला आपला बूट केवढ्याचा आहे हे ठाऊक नसते. पुलाची कड दिसत नसेल, तर गाडी वळवावी. परत फिरण्याच्या कामीही बूट तितकेच उपयोगी पडतात.

मात्र या खटाटोपाचे खरे फळ मला पायांपेक्षा मनात अधिक जाणवते. केज तालुक्यातच धनेगावला मांजरेवरचे धरण आहे. 2016 च्या उन्हाळ्यात ते कोरडे पडले होते आणि शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. ज्या मुलखाने हे पाहिले, तिथे आभाळ भरून आल्यावर "मी घरी पोहोचेपर्यंत थांब रे बाबा" असे म्हणणे ही लहानशी फितुरीच होय. तरी आम्हां नोकरदारांच्या मनात ती प्रार्थना उमटतेच. रस्त्याकडेच्या कपाशीत खुरपणाऱ्या बायांच्या बोटांत चिखल्या झालेल्या असतात, त्यांना कसलेच बूट नसतात. आणि त्या मात्र पाऊस थांबावा म्हणून नव्हे, आणखी पडावा म्हणून वर पाहतात.

बूट चांगले असले, की निदान ही फितुरी तरी मनातून जाते. घाटाच्या माथ्यावर पहिला थेंब हेल्मेटच्या काचेवर पडतो, डोंगरापलीकडून सर धावत येताना दिसते, आणि मला तिच्याशी घासाघीस करावीशी वाटत नाही. पड म्हणावे, जितके पडायचे तितके पड. ज्वारीच्या रानात पड, तळ्यात पड, माझ्या गुडघ्यांवर पड. माझे पाय कोरडे आहेत. बाकी सारा जिल्हा भिजला पाहिजे.