'पुढे न्या' म्हणजे कुठे?

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर काम करताना पाहिलेलं एक बाळ विसरता येत नाही. अपुऱ्या दिवसांचं, कण्हत श्वास घेणारं. एका छोट्या सरकारी दवाखान्यात ऑक्सिजन लावला आणि 'पुढे न्या' म्हणून चिठ्ठी दिली. आजीनं मला विचारलं, "ताई, पुढे म्हणजे कुठे?" बाळ वाटेतच गेलं.

कागदावर रचना चोख आहे. जिथं बाळंतपण होतं तिथं न रडणाऱ्या बाळासाठी फुगा आणि मास्क, ग्रामीण रुग्णालयात बाळ स्थिर करायचा कक्ष, त्यावर एसएनसीयू, व्हेंटिलेटर आणखी वर. पण अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसं श्वास सोडताना मिटतात. नुसता ऑक्सिजन ती उघडी ठेवत नाही. त्याला नाकातून सतत हवेचा दाब लागतो, म्हणजे सीपॅप. पायऱ्या असण्याला माझा आक्षेप नाही. दोन पायऱ्यांच्या मधे, रुग्णवाहिकेत, हा आधार का नसतो, हा माझा प्रश्न आहे.

१९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाची बाजू घेताना बाबासाहेबांनी आईच्या विश्रांतीला राष्ट्रहित म्हटलं. १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सरकारी रुग्णालयात वेळेवर उपचार न मिळणं हा कलम २१चा भंग आहे. पैशाची सबब चालणार नाही. मग रुग्णवाहिकेत सीपॅप आणि तो चालवणारी प्रशिक्षित नर्स मागणं ही याचना कशी? तो हक्क आहे.

जय भीम.