अज्जींचा पंप आणि विक्रम ३२०१

सप्टेंबर २०२५ मध्ये 'सेमिकॉन इंडिया'त 'विक्रम ३२०१' हा ३२ बिटांचा भारतीय सूक्ष्मप्रक्रियक पंतप्रधानांच्या हाती देण्यात आला, तेव्हा अनेकांनी नाक मुरडले. इस्रोचे विक्रम साराभाई अंतराळ केंद्र आणि सेमिकंडक्टर लॅबोरेटरी यांनी मिळून घडवलेल्या या चिपचे तंत्र १८० नॅनोमीटरचे. हातातल्या फोनमधली चिप याच्या कितीतरी पुढची, असे हसून म्हटले गेले. मीही हसलो असतो. पण त्याआधी माझ्या हातून एक पंप जळला होता.

म्हैसुरात घराखाली पाण्याचा संप असतो आणि गच्चीवर टाकी. आमच्या घरमालकीण अज्जी पहाटे उठून मोटर लावत आणि टाकी भरून वाहू लागली की गुडघे धरत जिना उतरून ती बंद करत. हे काम यंत्राने करावे, असे मी ठरवले. माझे शिक्षण विद्युतशास्त्राचे नाही, पण या गावात ती अडचण मानायचे कारण नव्हते. १९३५ साली इथल्या महाराजा कॉलेजातले मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी स्वतःच्या घरी ३० वॉटच्या प्रेषकावर नभोवाणी केंद्र सुरू केले होते. त्याचे 'आकाशवाणी' हे नाव पुढे साऱ्या देशाच्या नभोवाणीचे झाले. अज्जींना मी हा दाखला मोठ्या ऐटीत दिला होता.

साहित्य थोडके होते: एक ईएसपी३२ बोर्ड, टाकीच्या झाकणाला लावलेला श्राव्यातीत संवेदक, रिले आणि मोटरचा कॉन्टॅक्टर. संवेदकाचा प्रतिध्वनी-संकेत ५ व्होल्टचा, तर बोर्डाच्या पिना ३.३ व्होल्टच्या, म्हणून मध्ये दोन रोधकांचा विभाजक घातला. २३० व्होल्टची जोडणी परवानाधारक वायरमनकडून करून घेतली. (विद्यार्थिमित्रांनो, एवढे एक तरी माझ्याकडून घ्या.) पाणी उतरले की मोटर सुरू, चढले की बंद. पातळी फोनवर दिसावी म्हणून वायफायही जोडले. तीन आठवडे सारे सुरळीत चालले.

मग एका रात्री मोटर चालू असतानाच घरातला राउटर अडकला. माझ्या आज्ञावलीत, एका नमुन्यातून जशाच्या तशा उचललेल्या, चार ओळी होत्या: जोडणी तुटली तर अर्धा सेकंद थांब, पुन्हा पाहा, जोडणी मिळेपर्यंत हेच करत राहा. बोर्ड प्रामाणिकपणे तेच करत राहिला. पाण्याची पातळी वाचायची ओळ त्या चक्राच्या बाहेर होती, आणि रिले मात्र चालूच. टाकी भरली, वाहिली, संप रिकामा झाला आणि पंप कोरडा फिरू लागला. पंपातून जाणारे पाणीच त्याच्या दांड्याभोवतीचे सील थंड आणि ओले ठेवते. ते संपल्यावर सील तापून गेले आणि पहाटेपर्यंत गुंडाळीही जळाली. "रात्रभर कुणीतरी घोरत होते," एवढेच अज्जी म्हणाल्या. पुढचे दोन दिवस त्या शेजारच्या घरून कळशीने पाणी आणत होत्या. मी बादल्या वाहिल्या, पण माझ्याआधी उठायची त्यांची सवय काही सुटली नाही.

त्या दोन दिवसांत मला माझी चूक नीट दिसली. बोर्ड बिघडला नव्हता आणि संवेदकही खोटे बोलला नव्हता. सारे ठीक असताना काय घडेल एवढाच विचार मी केला होता. वॉचडॉग नावाचा पहारेकरी, जो आज्ञावली अडकली की बोर्ड पुन्हा सुरू करतो, तोही इथे कामाचा नव्हता. कारण माझी आज्ञावली त्याच्या दृष्टीने अडकलेली नव्हतीच, ती मजेत वाट पाहत होती.

'विक्रम'ची बातमी मी या अनुभवानंतर वाचली. उणे ५५ ते १२५ अंश सेल्सिअस तापमानात काम करणारी ही चिप प्रक्षेपकासाठी आहे. उड्डाण सुरू झाल्यावर तिथे बटण दाबून पुन्हा सुरू करायला कुणी नसते. ईएसपी३२ चा वेग २४० मेगाहर्ट्झ, काही शे रुपयांत मिळतो, आणि त्या रात्री त्यातला एकही हर्ट्झ उपयोगी पडला नाही. प्रक्षेपकाच्या चिपला वेगाच्या आधी वर्तनाची खात्री द्यावी लागते, आणि जुने, पारखलेले १८० नॅनोमीटरचे तंत्र तिथे लाजिरवाणे का नाही, हे मला पंपाच्या बिलाने समजावले.

नव्या मांडणीत वायफाय हे दुय्यम काम आहे. ते नसले तरी पातळी वाचली जाते. मोटर सलग २५ मिनिटांहून अधिक चालत नाही. आणि संपात एक साधा फ्लोट स्विच सोडला आहे, कॉन्टॅक्टरच्या वेटोळ्याशी एकसर जोडलेला. पाणी खाली गेले की तो लोंबतो आणि परिपथ तोडतो; माझी आज्ञावली काहीही म्हणो.

मधल्या काळात सी-डॅकच्या 'तेजस३२' चिपवरचा 'एरीज' बोर्ड मागवला आहे; हीच आज्ञावली त्यावर चालवून पाहायची आहे. अज्जींनी मात्र भिंतीवरचे जुने बटण काढू दिलेले नाही. रात्री निजण्यापूर्वी त्या ते स्वतः बंद करतात, मग माझ्या डबीतल्या हिरव्या दिव्याकडे एकदा पाहतात.